मनू रघुवीर साटम, वय चार

शेजारच्या अप्पा कांबळींनी मोबाईल सुनेत्राच्या नाकासमोर धरला. "वाच गो. मांजरापासून माणसाच्या लिव्हरमध्ये किडे होतात. चाळीत चौदा पोरं आहेत. एक तर हिचा रिपोर्ट आण, नाहीतर रविवारच्या मीटिंगमध्ये मांजर घालवायचा ठराव मांडतो."

मनू ही सुनेत्राच्या वडिलांची मांजर. रघुवीर साटम मार्चमध्ये गेले आणि लालबागच्या त्या दोन खोल्यांत सुनेत्रा आणि मनू अशा दोघीच उरल्या. मनूला घालवणं म्हणजे बाबांचं उरलंसुरलं घालवणं, हे अप्पांना सांगण्यात अर्थ नव्हता. सकाळी तिने मनूची शी डबीत भरली आणि कोपऱ्यावरची लॅब गाठली.

खिडकीतल्या मुलीने मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"मनू."

"पूर्ण नाव सांगा ना, मॅडम."

बाबांच्या आजारपणात सुनेत्राने असे किती फॉर्म भरले होते. जीभ आपोआप वळली. "मनू रघुवीर साटम. वय चार. फिमेल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅबच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. अप्पा निकाल ऐकायला येऊन बसलेच होते. सुनेत्राने स्पीकर लावला.

"मनूच्या घरचे ना? लिव्हर फ्लूकची अंडी सापडलीत. म्हणजे यकृतातला चपटा किडा. घाबरू नका, औषध आहे. काय खाते ती?"

"मासे."

"नीट शिजवून देता ना?"

"शिजवलेले तोंडात धरत नाही. कच्चेच लागतात."

"आणि शौचाला?"

"पत्र्यावर जाते. कधी कधी शेजाऱ्यांच्या कुंडीत."

"आई कुठेय तिची?"

"काय माहीत! बाबांना ही मासळी बाजारात खोक्यात सापडली."

"अहो, चार वर्षांच्या मुलीला असं वाढवतात? मी पोलिसांना कळवते!"

"डॉक्टर, मांजर आहे ती."

फोनमध्ये फॉर्म उलटल्याची सळसळ ऐकू आली.

"ते जाऊ दे!" अप्पा पुढे सरसावले. "चाळीत पसरणार की नाही आता?"

"मांजराला हात लावून नाही पसरत, काका. तिच्या शीतली अंडी पाण्यात गेली की गोगलगायीत शिरतात, तिथून गोड्या पाण्यातल्या माशात. तो मासा कच्चा-अर्धकच्चा खाल्ला, तरच माणसाला होतं. तिलाही तसंच झालंय. गोड्या पाण्यातला मासा तिला देतं कोण?"

"आमच्याकडे बोंबील नि मांदेली. सगळं समुद्राचं," सुनेत्रा म्हणाली.

अप्पा उठले. "चल, येतो मी."

"अप्पा?"

अप्पा चपला शोधू लागले. "बुधवारी गळ घेऊन तळ्यावर जातो ना मी... मुंडकी हिला टाकायचो. रघू गेल्यापासनं माझ्या दारात येऊन ओरडायची. बघवत नव्हतं."

फोनमधून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणि बाकीचा मासा तुम्ही कसा खाता, काका?"

"तिथेच. निखाऱ्यावर. जरासा शेकवून."

"आतून शिजतो?"

नवरा अजून का आला नाही म्हणून बघायला आलेल्या सुभद्राकाकूंनी दारातूनच उत्तर दिलं. "कसला शिजतोय! चव जाते म्हणे."

मग त्या सुनेत्राकडे वळल्या. "मांजर राहू दे गो तुझ्याकडे. ह्यांचा रिपोर्ट येईपर्यंत ह्यांना कुठे ठेवायचं, तेवढं रविवारच्या मीटिंगमध्ये बघू."