मुलगा बघायला या

सोमवारी सकाळी आठ वाजता कुणी कुणाला मुलगा बघायला बोलावत नाही. निमकरकाकांनी बोलावलं.

कुंपणावरून डोकं वर काढून म्हणाले, "अभय, गौरीला घेऊन ये. मुलगा बघायचाय. अमेरिकेतला आहे, सहा फूट तीन इंच. तुमचं मत हवंय." माझं 'हो' ऐकायच्या आत डोकं खाली गेलंसुद्धा.

ऑस्ट्रेलियातल्या वेरिबीत आम्ही शेजारी. काका मूळचे पुण्याचे, पूल बांधणारे इंजिनिअर, आता निवृत्त. काकू गेल्यापासून एकटेच. मुलगी मुग्धा अमेरिकेत नोकरी करते आणि तिचं लग्न झालेलं नाही, एवढं आम्हाला ठाऊक होतं. गौरीने लगेच हिशोब जुळवला. "आपल्याकडे सोमवार म्हणजे तिकडे रविवार. व्हिडिओ कॉल असणार." तिने मला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला, पेढ्यांचा डबा घेतला. मी ऑफिसला 'फॅमिली मॅटर' असं कळवून टाकलं.

गेलो, तर टीव्हीवर हेल्मेट घातलेला एक मुलगा धावत होता.

"चेहरा दिसत नाहीये हो काका," गौरी म्हणाली.

"चेहरा काय करायचाय? पाय बघ पाय!"

"वय किती?"

"सतरा."

गौरीने पेढ्यांचा डबा हळूच मांडीवरून पर्समध्ये सरकवला.

मुग्धा एका अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमच्या ऑफिसात काम करते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. शाळा-शाळांतले होतकरू खेळाडू हेरायचे, त्यांच्या फिल्म बघायच्या आणि कोचला सांगायचं, हा घ्या, तो नको. हा फुटबॉल म्हणजे चेंडूला पाय क्वचितच लागतो असा. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक मुलगा चेंडू हातात घेऊन उभा राहतो, कुणाकडे फेकायचा ते ठरवतो, आणि तेवढ्यात समोरून रेड्यासारखी माणसं त्याच्या अंगावर येतात.

"लांब फेकतो म्हणून लोक भुलतात," काका येरझारा घालत म्हणाले. "हात काय, सगळ्यांनाच असतो. माणसं अंगावर आली की पाय कसे पडतात ते बघायचं. आणि नजर. घाबरलेला मुलगा खाली बघतो. चांगला मुलगा लांबच बघत राहतो."

येरझारा हा शब्द सौम्य झाला. काकांच्या पायाला भिंगरी आहे. त्यांना बसलेलं मी पाहिलेलंच नाही. चहा उभ्याने पितात, एका हातात कप आणि दुसऱ्यात लिंबू, आणि बोलता बोलता ते लिंबू पाहुण्याकडे फेकतात. गौरीने पहिल्याच दिवशी झेललं. माझ्या चष्म्यावर बसलं. "नजर खाली होती तुझी," काका म्हणाले. सॉरी वगैरे काही नाही.

मग दर सोमवारी बोलावणं येऊ लागलं. सगळ्या वेरिबीची परीक्षा सुरू झाली. पोस्टमन गेटपाशी आला की "खांदा बरा आहे, पण फार घाई करतो." इथल्या फुटबॉलवर, म्हणजे फुटीवर, वाढलेल्या पलीकडच्या डेलने एकदा मोठ्या आपुलकीने "मेट, दॅट्स नॉट फुटी" असं समजावून पाहिलं, तर काकांनी त्याच्याही हातात लिंबू दिलं. गणपतीच्या जेवणात जिलबीवर पोरं तुटून पडली होती आणि वाढणारा देशपांडे त्या गर्दीतूनही शेवटच्या टेबलाकडे बघत होता. काका माझ्या कानात पुटपुटले, "हा बघ. हा खरा क्वार्टरबॅक." देशपांडेला वाटलं, जिलबी आवडली. त्याने आणखी दोन वाढल्या.

एवढं सगळं करून काका निकाल मात्र कधीच देत नसत. प्रत्येक मुलात खुसपट. हा उजवीकडेच पळतो, तो जिंकत असला तरच चांगला खेळतो. शेवटी ठरलेलं वाक्य, "अजून एक मॅच बघू." तो टेक्सासचा सहा फूट तीन इंच तर आठवड्यामागून आठवडे आमच्या डोक्यावर बसला होता. माझा संयम सुटत चालला होता. मला नोकरी आहे, मीटिंगा आहेत, आणि त्या पोराचे पाय मला आता झोपेत दिसायला लागले होते.

म्हणून परवाच्या सोमवारी मी फोनवर त्याचं नाव शोधलं. त्याने केव्हाच दुसऱ्या युनिव्हर्सिटीत सही केली होती. हातात दुसऱ्याच टीमची टोपी घेतलेला फोटोसुद्धा होता.

"काका, संपलं!" मी जवळजवळ आनंदानेच ओरडलो. "तुमचा मुलगा दुसरीकडे गेला."

काका खिडकीपाशी थांबले. थांबले, हीच नवलाची गोष्ट.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "तू मुग्धासमोर बोलू नकोस."

मला काही कळेना. मग ते लिंबाकडे बघत बोलू लागले. "पूर्वी मी तिच्यासाठी मुलगे बघायचो. प्रत्येक फोनला एक. ती म्हणाली, बाबा, पुन्हा मुलगा हा शब्द काढलास तर फोन ठेवीन. मी काढला. तिने ठेवला. तो ठेवलाच. तिची आई वारली तेव्हा आली, परत गेली, पण बोलणं नाही. मग एकदा मीच फोन केला. विचारलं, तू तिथे नक्की करतेस तरी काय? तर म्हणाली, तू करायचास तेच. मुलगे बघते. उंची, वजन, घराणं, सगळं." काका हसले. "मी म्हटलं, मग मलाही एखादा दाखव."

"आणि तुम्ही निकाल दिलात की..."

"की संपलं ना रे. पुढच्या सोमवारी बोलायचं काय?"

मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. गौरीने माझ्याकडे असं पाहिलं की इस्त्रीचा शर्टही चुरगळावा.

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी स्पीकर लावला आणि पुन्हा येरझारा सुरू झाल्या.

"बाबा, बघितलास का त्याला?"

"बघितला. पाय बरे आहेत. डावीकडे जरा डळमळतो." काका एकदम अडखळले. माझ्या ओरडण्याने त्यांचा धीर सुटला असावा. "मुग्धा, पण आता... तुम्हाला तो घ्यायचा असेल, नसेल, म्हणजे तुमचं ठरलंच असेल ना."

टोपीचा तो फोटो तिने माझ्याआधी पाहिलेला असणार. तिचं तर ते कामच.

"नाही रे बाबा, इतक्यात काय?" मुग्धा म्हणाली. "अजून एक मॅच बघू."

काकांनी हात मागे नेऊन खुर्ची चाचपली आणि ते खाली बसले.