कोटाचं माप

उमेदवाराने कोट अंगात घातला आणि तो दिसेनासाच झाला. बाह्यांतून बोटं बाहेर येईनात, खांदे कोपरापर्यंत लोंबायला लागले आणि पोटापाशी आणखी एक कार्यकर्ता सहज मावला असता. सभा तासाभरावर आली होती.

"मास्तर, हे काय करून ठेवलंत? माप माझं घेतलं होतंत ना?"

टेलर मास्तरांनी चष्मा कपाळावर सारला आणि कोटाभोवती एक फेरी मारली. शिवणीत काही खोट नव्हती. खोट होती दुकानाच्या शिरस्त्यात. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या मापाचे कागद कापून मास्तरांनी खुंट्यांना टांगले होते. बिल ज्याच्या नावाचं, त्याचा कागद काढायचा आणि कापडाला कात्री लावायची. या कोटाचं बिल ठेकेदाराने भरलं होतं. प्रचाराचा सगळाच खर्च तो करत होता, मंडपापासून मोज्यांपर्यंत. ठेकेदार म्हणजे जुनं गिऱ्हाईक आणि अंगाने चांगलं भरलेलं.

"बिल त्यांचं, म्हणून कागदही त्यांचाच निघाला," मास्तर ओशाळून म्हणाले. "हाताची सवय हो. उसवून देतो."

"द्या लवकर. जास्तीचे पैसे ठेकेदारांकडून घ्या."

"मग पुन्हा त्यांचाच कागद निघेल," काजं करत बसलेली मास्तरांची बायको म्हणाली आणि सुई खाली ठेवून उठली.

या ओळीतल्या एकाही गाळ्याला हात लागू देणार नाही, असं हाच उमेदवार याच दारात हात जोडून सांगून गेला होता. आणि गाळे पाडून तिथे गाड्या लावायची इमारत उभारायचा बेत होता ठेकेदाराचा. गाळा गेला तर नवरा-बायकोच्या म्हातारपणाचं काही खरं नव्हतं.

"आमच्या गाळ्याचं काय, ते सांगा आधी. राहणार ना?"

उमेदवार कोटातल्या कोटात चुळबुळला. "वहिनी, मी शब्द दिलाय. फक्त एकदा ठेकेदारांना विचारून..."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "काढा तो कोट!"

"अहो, सभा आहे!"

"नुसत्या शर्टावर जा. शर्ट तरी तुमचा आहे ना?"

उमेदवाराने कोट काढला, खाली शर्टाकडे पाहिलं आणि तो निघून गेला.

बाईंनी कोट दर्शनी पुतळ्याला चढवला, आत उशा कोंबल्या आणि गळ्यात पाटी अडकवली: 'कोट उमेदवाराचा, माप ठेकेदाराचं.' संध्याकाळी सभेच्या खुर्च्या रिकाम्या आणि दुकानापुढे ही गर्दी!

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस आला. "कोट द्या. पैसे आमच्या साहेबांनी भरलेत."

"देते की. साहेबांना पाठवा. इथे सगळ्यांसमोर घालून दाखवू देत."

साहेब काही आले नाहीत. तो कोट आपला नव्हेच, असा उमेदवाराचाही निरोप आला.

"अगं, कशाला वैर घेतेस?" मास्तर कुजबुजले.

"घाबरायचं तर त्यांनी. आपण कोट शिवलाय, चोरी नाही केली."

उमेदवार निवडून आला. महिन्याभरात गाळे पाडायला यंत्र येऊन उभं राहिलं. सोबतच्या अधिकाऱ्याने सामान हलवायला सांगितलं.

"हलवते," बाई म्हणाल्या. "फक्त हा कोट कुणाचा ते तेवढं विचारा. मालकाच्या हातात दिल्याशिवाय तो इथून हलायचा नाही."

ओळीतले सगळे दुकानदार पुतळ्याभोवती कडं करून उभे राहिले. अधिकाऱ्याने आधी नव्या लोकप्रतिनिधीला फोन लावला, मग ठेकेदाराला. कोट माझा, असं दोघांपैकी एकालाही म्हणवेना. यंत्र दुपारपर्यंत घरघरलं आणि आल्या वाटेने परत गेलं.

बाईंनी कोटावरची धूळ झटकली आणि आत आणखी एक उशी कोंबली. निवडणुकीनंतर ठेकेदाराची तब्येत बरीच सुधारली होती, आणि माप चुकलेलं बाईंना खपत नसे.