सटवाजी रेड्याचं चीगाँग

एका जंगलात पाणी खाली होतं आणि राजा वर होता.

तसं ते बहुतेक जंगलांत असतंच म्हणा. पण बाळांनो, या जंगलाच्या राजाला, म्हणजे वनराज सिंहाला, डोंगरमाथ्यावर आपल्या गुहेसमोर पोहायचा तलाव हवा होता. त्याला पोहता येत नव्हतं. आंघोळीचं नाव काढलं तरी त्याच्या अंगावर काटा यायचा. पण शेजारच्या जंगलातल्या वाघानं तलाव बांधला होता, आणि वाघाकडे आहे ते आपल्याकडे नाही म्हटल्यावर सिंहाच्या घशाखाली घास उतरेना. आता सिंहाचा घास म्हणजे नेमकं कोण, ते इतक्यात विचारू नका.

मग काय! दरीतल्या झऱ्यावर पखाली भरायच्या आणि डोंगर चढायचा. पखाल म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. पाण्यानं भरली आणि पाठीवर बसली की चढणाऱ्याला आपली आई आठवते. हे काम रेडे, गाढवं आणि नीलगाई करायच्या. उजाडलं की सुरू, दिसेनासं झालं की बंद. मध्ये काही नाही. पूर्वी त्यांना ओझेवाले म्हणत. मग राजाला लाज वाटली आणि त्यानं त्यांचं नाव बदलून 'जलसाथी' केलं. पखाली त्याच राहिल्या.

या जलसाथींमध्ये सटवाजी नावाचा एक रेडा होता. अंगानं धिप्पाड, बोलायला कमी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या उजव्या पायाचा गुडघा सुजला होता. चढताना ठणकायचा आणि उतरताना तर विचारूच नका. सटवाजीला दुखण्याची भीती नव्हती. त्याला भीती होती पाय निकामी होण्याची. कारण त्या जंगलाचा कायदा असा, की ज्याला चालवत नाही त्याला सन्मानानं निवृत्त करायचं. निवृत्त करायचं म्हणजे गळ्यात हार घालून राजाच्या स्वयंपाकघरात पाठवायचं. तिथं त्याला कुठलंच काम नसे. जे काम असे ते आचाऱ्याला असे.

म्हणून एक दिवस सटवाजी लंगडत लंगडत अंतोबांकडे गेला. अंतोबा म्हणजे तरस. ते प्राणिकल्याण अधिकारी होते. दुसऱ्याची हाडं चघळणाऱ्याला कल्याणाच्या खुर्चीवर कुणी बसवलं, असं तुम्ही विचाराल. विचारू नका. मोठे झालात की असे प्रश्न आपोआप पडायचे थांबतात.

"या, सटवाजीराव, या!" अंतोबा म्हणाले. अलीकडे ते सगळ्यांना राव लावायचे.

"साहेब, एक मागणं होतं. दुपारच्या उन्हात घटकाभर चिखलात बसू द्या. झऱ्याच्या कडेलाच आहे चिखल. आम्हा रेड्यांना ऊन सोसत नाही, आणि हा गुडघा बघा, कसा भोपळ्यासारखा झालाय. थोडा गार चिखल लागला तर उतरेल."

"अरेरे!" अंतोबांनी गुडघ्याकडे निरखून पाहिलं. जरा जास्तच निरखून पाहिलं. "आणि चिखलात बसून तुम्ही काय करणार?"

"करणार काय? बसणार."

"म्हणजे काहीच नाही करणार?"

"नाही."

अंतोबांना ते ऐकवेना. "तुमची मागणी अत्यंत रास्त आहे," ते म्हणाले. "मी समिती नेमतो."

सटवाजी बिचारा खूश होऊन परतला. वाटेत भेटलेल्या चिमाबाई गाढविणीला त्यानं बातमी सांगितली. चिमाबाई तोंडाची फटकळ होती. ती म्हणाली, "समिती? मग बसलास तू चिखलात!"

तिकडे वनराजांना चिंता पडली. आज रेडा बसला तर उद्या गाढव बसेल. परवा नीलगाई म्हणतील, आम्हीच तेवढ्या का उभ्या? तलाव कसा भरायचा? वाघाला काय तोंड दाखवायचं?

"महाराज, बसू न देता त्यांचं दुखणं बरं केलं तर?" अंतोबा म्हणाले, आणि त्यांनी एका करकोच्याला पुढं केलं.

करकोचा म्हणजे लांब तंगड्यांचा, लांब मानेचा पक्षी. हिवाळ्यात हिमालयाच्या पलीकडून यायचा आणि उन्हाळ्यात परत जायचा. त्याला सगळे हिमपार गुरुजी म्हणत. तिकडच्या देशातून त्यानं चीगाँग नावाची विद्या आणली होती. ची म्हणजे प्राण, आणि तो सगळ्या अंगातून खेळवायचं कसब म्हणजे चीगाँग, असं तो डोळे मिटून सांगायचा.

"रोज किती वेळ लागतो याला?" वनराजांनी विचारलं.

"महाराज, वेगळा वेळ लागतच नाही. हेच तर याचं वैशिष्ट्य! चालता चालता करायचं. कामावर जाताना, कामावरून येताना, रोजच्या जगण्यात."

वनराज सावरून बसले. "पुन्हा सांगा."

"वेगळा वेळ लागत नाही."

"अजून एकदा सांगा हो," वनराज म्हणाले. इतकं गोड त्यांच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. राणीसुद्धा नाही.

आता बाळांनो, इकडे लक्ष द्या. हा करकोचा हिमालय ओलांडून आला म्हणजे उडत आला. त्याचं चालणं म्हणजे बेडूक दिसला की दोन-चार पावलं, बस्स. पाठीवर त्यानं जन्मात गवताची काडी घेतलेली नाही. आणि हा गृहस्थ चालायला शिकवणार कुणाला, तर जन्मभर डोंगर चढणाऱ्यांना! ए, मागच्या बाकावरचा, हसू नकोस. अशा सभेत हसायचं नसतं. मान डोलवायची असते. तुझे आईवडील बघ कसे डोलवतात.

झऱ्यावर वर्ग भरला. म्हणजे पखाली भरून पाठीवर चढल्यावर भरला, कारण वेगळा वेळ द्यायचा नव्हता.

"जिभेचं टोक टाळूला लावा," गुरुजी म्हणाले. "गुडघे सैल सोडा. श्वास पोटातून घ्या. आधी टाच टेकवा, मग बोटं."

"गुरुजी, आम्हाला टाच नाही. खूर आहेत," चिमाबाई म्हणाली.

"मनानं टाच टेकवा. आता सांगा, तुमच्या पाठीवर काय आहे?"

"पखाल."

"नाही. पाठीवर आकाश आहे."

"आकाश गळतंय, गुरुजी. माझी मांडी भिजली."

नीलगाई फिदीफिदी हसल्या. गुरुजींनी चिमाबाईकडे अशा काही करुणेनं पाहिलं, की चौघांत तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. "जीभ टाळूला, ताई," ते म्हणाले. अंतोबांना ही जिभेची पायरी फार आवडली. सगळ्या जलसाथींनी दिवसभर जीभ टाळूला लावून ठेवावी, असा त्यांनी तिथल्या तिथे नियमच केला.

सटवाजीनं भीत भीत आपला गुडघा दाखवला. "गुरुजी, याचं काय करू?"

"गुडघा दुखत नाहीये," गुरुजी म्हणाले. "तुमचा प्राण तिथं अडलाय. तुम्ही त्याला कधी प्रेमानं चल म्हणालात?"

सटवाजी ओशाळला. खरंच, गुडघ्याशी तो आजवर एक शब्द बोलला नव्हता. उलट शिव्याच घातल्या होत्या. आपलंच चुकलं असणार, असं त्याला वाटलं. जन्मभर ओझं वाहिलेल्याला आपलंच चुकलं असं वाटायला फार वेळ लागत नाही. डोंगर चढताना तो पुटपुटू लागला, "चल बाबा, चल माझ्या राजा."

आणि गंमत बघा, त्याला बरं वाटायला लागलं!

अहो, वाटणारच! गुरुजींनी सांगितलं होतं सावकाश चाला, पाऊल मोजून मापून टाका, श्वास सोडल्याशिवाय पुढचा पाय उचलू नका. त्या विद्येत काही खोट नव्हती. हळू चालल्यानं कुणाचं वाईट होतं? सटवाजी दर वळणावर थांबून लांब श्वास सोडायचा. गुडघ्याची सूज उतरू लागली. त्याला पुन्हा रवंथ गोड लागायला लागला. "चिमाबाई, वाचलो बघ मी," तो म्हणाला. "पाय टिकणार माझा." चिमाबाईलाही मनापासून आनंद झाला, पण जीभ टाळूला असल्यामुळे तिनं नुसते कान हलवले.

सगळी वाट अशी संथ चालू लागली. रेडे संथ, गाढवं संथ, नीलगाई तर विचारूच नका. अंतोबांनी वनराजांना तो देखावा मुद्दाम गुहेच्या तोंडाशी उभं करून दाखवला.

"वा! किती शांती!" वनराज म्हणाले. मग त्यांनी वळून तलावात पाहिलं. तलावाच्या तळाशी वीतभर पाणी होतं आणि त्यात एक खेकडा उघडा पडला होता.

माशी शिंकली ती इथं.

"अंतोबा! ही शांती कुणाच्या वेळेत चाललीय?"

अंतोबांना दरदरून घाम फुटला. त्यांनी गुरुजींना बाजूला घेतलं. "गुरुजी, हे हळू चालणं तुमच्या शास्त्रात असलंच पाहिजे का?"

गुरुजींनी एक पाय वर घेऊन विचार केला. तलाव भरला की त्यातले मासे त्यांना मिळायचे होते. "शास्त्र लवचीक आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी झऱ्यावर जाहीर झालं, की जलसाथींची पहिली पायरी उत्तम रीतीनं पार पडली आहे. आता पुढची पायरी. तिचं नाव वेगवान चीगाँग. यात श्वास तोच, जीभ तीच, फक्त चालायचं पूर्वीच्या वेगानं. आणि अंगातला प्राण वाढल्यामुळे पखाल एक नाही, दोन.

"दोन?" सटवाजीच्या तोंडून निघून गेलं.

"सटवाजीराव, तुमच्या गुडघ्याची सूज उतरली ना?" अंतोबांनी विचारलं.

"उतरली साहेब, पण ती..."

"बघा!" अंतोबा सगळ्यांकडे वळले. "यांच्यामुळेच आम्हाला ही कल्पना सुचली. टाळ्या वाजवा सटवाजीरावांसाठी!"

सगळ्यांनी खूर आपटले. मग गुरुजी एकेकाला विचारत गेले, "दोन पखाली घेऊन कसं वाटतंय?" पहिली नीलगाय म्हणाली, हलकं वाटतंय. दुसरीला जड वाटत होतं, पण पहिलीला हलकं वाटतंय म्हटल्यावर आपण कसं जड म्हणायचं? तिलाही हलकं वाटलं. असं करत ते हलकेपण चिमाबाईपर्यंत आलं, आणि ती फटकळ बाईसुद्धा खाली बघून म्हणाली, "हलकं वाटतंय." सटवाजीनं तिच्याकडे पाहिलं. तिनं मान फिरवली.

"आणि तुम्हाला?" गुरुजींनी विचारलं.

"जड वाटतंय," सटवाजी म्हणाला.

सगळे त्याच्याकडे असे बघायला लागले, जणू त्यानं झऱ्यातच घाण केली होती. "नकार फार भरलाय तुमच्यात," गुरुजी हळहळले. "श्वासाबरोबर सोडून द्या."

सटवाजीनं श्वास सोडला. नकार गेला की नाही ते माहीत नाही, पण गुडघा पुन्हा सुजला, आणि पहिल्यापेक्षा मोठा सुजला. तो गुडघ्याशी बोलत राहिला. आधी प्रेमानं बोलला, मग हातापाया पडून बोलला. "फक्त तलाव भरेपर्यंत चल रे. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे." गुडघ्याला भाषा येत नव्हती. एका भर दुपारी, शेवटच्या चढावर, तो कटकन वाजला. सटवाजी कोसळला, दोन्ही पखाली त्याच्याखाली फुटल्या आणि सगळं पाणी मातीत गेलं.

तो ओल्या मातीत पडून राहिला. पोटाला गार लागत होतं. खूप दिवसांनी त्याला कुणी ऊठ म्हणत नव्हतं.

मग म्हणाले. "उठा, सटवाजीराव," अंतोबा धावत आले.

"घटकाभर थांबा, साहेब. बरं वाटतंय."

"पाहा, पाहा!" गुरुजींनी सगळ्यांना गोळा केलं. "काय ही स्थिरता! काय हा चेहरा! जमिनीशी एकरूप होणं ही शेवटची पायरी. हजारात एखाद्याला साधते."

"पाय मोडलाय त्याचा!" चिमाबाई ओरडली. तिची जीभ टाळूवरून कधी सुटली ते तिचं तिलाच कळलं नाही. "मेल्यांनो, पाय मोडलाय! प्राणबिण काही नाही, हाड मोडलंय हाड! त्या दिवशी मी खोटं बोलले. मलाही जडच वाटत होतं. आपल्या सगळ्यांनाच वाटत होतं की गं!"

नीलगाई आकाशाकडे बघू लागल्या.

"हिला विश्रांतीची गरज आहे," अंतोबा म्हणाले. विश्रांती हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकल्यावर चिमाबाई चार पावलं मागं सरली.

संध्याकाळच्या आत सटवाजीच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. राजाचे चार आचारी त्याला सन्मानानं घेऊन गेले. जाताना त्यानं मागं वळून त्या ओल्या मातीकडे पाहिलं. ती उन्हानं वाळून गेली होती.

पुढे तलाव भरला. वनराज काठावर आले, एक पंजा पाण्यात बुडवला, "गार आहे" म्हणाले आणि आत निघून गेले. त्यानंतर ते तिकडे फिरकले नाहीत. गुरुजींनी मासे खाल्ले. अंतोबांना त्यांच्या वाट्याची हाडं पोचली, आणि उजव्या गुडघ्याचं हाड जरा कडक लागल्याची त्यांनी तक्रार केली.

मग सटवाजीला श्रद्धांजली म्हणून जलसाथींची मूक पदयात्रा निघाली. झऱ्यापासून तलावापर्यंत. तलाव उन्हानं रोज थोडा आटायचा, तेव्हा वेळ वाया जायला नको म्हणून पखाली भरून निघाली. सटवाजीच्या वाट्याचं दोन पखालींचं पाणी बाकीच्यांत वाटून दिलं होतं. माथ्यावर पोचल्यावर अंतोबा एका दगडावर चढले. त्यांनी विचारलं, "कुणाला दोन शब्द बोलायचेत?"

चिमाबाई पुढं आली. "साहेब, बोलायचं नाहीये. विचारायचंय. सटवाजीनं घटकाभर चिखलात बसू द्या म्हणून मागितलं होतं. तुम्ही समिती नेमली होती. त्याचं काय झालं?"

"हो तर!" अंतोबा म्हणाले. "समितीनं फार बारकाईनं विचार केला. मागणी अत्यंत रास्त होती. पण आता मागणाराच राहिला नाही, त्यामुळे ती निकालात निघाली."

आणि त्यांनी सगळ्यांना खाली झऱ्याकडे पाठवलं.

तात्पर्य : बाळांनो, मोठेपणी कामावर पाठ मोडली तर सुट्टी मागू नये. सुट्टीनं मालकाचं नुकसान होतं. लांब श्वास घ्यावा. श्वासाला वेगळा वेळ लागत नाही, आणि तो शेवटचा निघाला तरी दोष आपल्याच श्वास घेण्याच्या पद्धतीला देता येतो.