पहिल्या तासाचं मत

उशिरा दिलेलं मत शिळं होतं, असा शोध आमच्या दवाखान्याचे स्टोअरकीपर याकूबभाई यांनी लावला होता. "पयल्या तासाचं वोट ताजं. मागाहून टाकलाव तर शिळा भात," हे ते सौदीतल्या अल खफजी शहरातल्या प्रत्येक भारतीयाला ऐकवत. मी लॅबमधून सलाईन मागायला जावं, तर बाटलीआधी लोकशाही हातात पडे.

आता विचारा, या गृहस्थांनी स्वतः किती वेळा मत दिलं होतं? एकदाही नाही. पंचविशीत श्रीवर्धनकडचं गाव सोडलं तेव्हा यादीत नाव नव्हतं, आणि पुढे एकोणतीस वर्षं सुट्टी आणि निवडणूक यांची गाठ पडली नाही. पोहता न येणाऱ्यानं समुद्रावर भाषणं द्यावीत, तसला प्रकार. मतदानाच्या दिवशी हे इथून फोन करून बायकोला उठवत, "सकीना, लाईनीत लाग," म्हणून पिटाळत आणि मग दिवसभर स्टोअरमध्ये छाती काढून हिंडत. मत तिचं, मिजास यांची.

पहिल्या नंबराचा हव्यास सगळीकडेच. कामाची बस सहाला, हे पाचपासून उभे. न्हाव्याचं शटर हेच वर ढकलणार. एकदा दाताच्या डॉक्टरकडे सर्वांआधी जाऊन बसले आणि अपॉइंटमेंट दुसऱ्या दिवशीची निघाली! मला या माणसाचा मनापासून कंटाळा होता, हे सांगून टाकतो.

गेल्या निवडणुकीला मात्र त्यांनी परदेशातला मतदार म्हणून गावात नाव नोंदवलं, सुट्टी मंजूर करून घेतली आणि निघेपर्यंत आम्हांला छळलं. "लॅबवाले, कागद बरोबर ठेवा. कागद नाय तर माणूस नाय." मी कुठंही जाणार नव्हतो, तरी मलाच!

परतल्यावर त्यांनीच हकीकत सांगितली. गावच्या शाळेत पहाटे पाचपासून पुरुषांच्या रांगेत पहिले. दार उघडलं, अधिकाऱ्यानं ओळखपत्र मागितलं आणि याकूबभाईंनी ऐटीत इकामा काढून दिला. म्हणजे सौदीत राहण्याचं कार्ड! इथं कुणीही ओळख विचारली की हात त्याच खिशात जातो, तसा गेला. तिथं दाखवायचा पासपोर्ट घरी ट्रंकेत. अधिकारी बिचारा अरबी अक्षरं उलटीसुलटी करून बघत बसला.

मी पोट धरून हसलो. जगाला कागद शिकवणारा माणूस! दवाखान्यात कुणाकुणाला सांगायचं, याची यादीही मनात तयार झाली.

याकूबभाई हसले नाहीत.

"ऐका ना पुढं. आत उमेदवाराचा माणूस बसलेला. तो बोलला, हा आमच्या गावचा नाय, मी याला कधी बघितला नाय. मी मागं वळून बघितलं. येवढी मोठी लाईन, पण एक जण बोलला नाय की हा याकूब हाय. जुने गेले, नवे मला ओळखत नाय. दोन वर्षांनी महिनाभर जाणारा माणूस मी. कोण ओळखंल?"

"मग?"

"बायकांच्या लाईनीतनं सकीना फुडं आली. तिनं चारचौघांत माझं नाव कधी घेतलेलं नाय. मोठ्यानं बोलली, 'याकूब. माझा नवरा हाय. याच गावचा हाय.'"

अधिकारी म्हणाला, बाई, तरीही पासपोर्ट लागेल. तेव्हा तिनं आपलाही नंबर सोडला. दोघं चालत घरी गेली, पासपोर्ट घेऊन परत आली आणि भर उन्हात पुन्हा शेवटाला उभी राहिली. दुपारी एकला याकूबभाईंनी आयुष्यातलं पहिलं मत दिलं.

"म्हणजे शिळंच की!" मी म्हणालो. जित्याची खोड. "बरं, दिलंत कुणाला?"

त्यांनी बोटावरच्या शाईवरून अंगठा फिरवला. मला माझ्या हसण्याची लाज वाटायला लागली होती.

"खरं सांगू, लॅबवाले? बटण कुठलं दाबलं, आठवत नाय. घरापासनं शाळंपर्यंत ती माझा हात धरून चालली, सगळ्या गावादेखत. लग्नाला तीस वर्षं झाली. आमी दोघं असं रस्त्यानं चाललो, ती पयलीच वेळ."