मूळ पुरुषाची आंघोळ

कोणतीही परंपरा जतन करायची तर आधी ती कशी होती हे ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याचे काम ज्यांनी ती पाहिलेली नाही अशाच माणसांकडे सोपवावे लागते. ज्यांनी पाहिलेली असते ते उगाच तपशिलात शिरतात आणि बैठक लांबते.

अस्सल वाण संवर्धन मंडळ याच तत्त्वावर उभे आहे. 'राखाडी कलता' हा कोंबड्याचा जुना, खानदानी वाण टिकवणे, वाढवणे आणि वर्षातून एकदा प्रदर्शनात मांडून त्याला पदक देणे, हे मंडळाचे कार्य. कार्यालय म्हणजे एक खोली. तीत एक लांब टेबल, अकरा खुर्च्या (सदस्य चौदा, त्यामुळे सगळे वेळेवर येतात), चहाचा स्टोव्ह, आणि स्टोव्हच्या बरोबर वर, भिंतीतल्या फळीवर, काचेची पेटी. पेटीत पेंढा भरलेला एक कोंबडा उभा आहे. हा मूळ पुरुष. तो कोणी आणला, कुठून आणला, याची कुठेही नोंद नाही. त्यामुळे त्याच्या अस्सलपणाबद्दल आजवर एकदाही वाद झालेला नाही.

वाणाचे मानक मूळ पुरुषावरून ठरते. रंग राखाडी. अंग डावीकडे कललेले. डावा डोळा मिटलेला. शेपटीत पिसे तीन, पैकी मधले अर्धे. आवाज निरंक. (मंडळाच्या स्थापनेपासून मूळ पुरुष एकदाही आरवलेला नाही. याला माहितीपत्रकात 'अभिजात संयम' म्हटले आहे.)

हे सगळे एका बैठकीत ठरले असे नव्हे. पहिल्या मानकात रंग 'तांबूस' होता. दुसऱ्यात तो 'तांबूस-राखाडी' झाला. तिसऱ्या सुधारणेच्या वेळी अध्यक्षांनी स्वतः चष्मा पुसून पेटीत पाहिले, "तांबूस काही दिसत नाही बुवा," असे म्हटले आणि तो शब्द स्वहस्ते खोडला. (चष्मा पुसला. पेटी पुसण्याचा मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता.) कलण्याचे कलम फळीचा एक खिळा निसटला त्या वर्षीचे, आणि शेपटीचे कलम कसर लागली त्या वर्षीचे. दर वेळी सदस्यांनी घरी जाऊन आपापल्या कोंबड्यांकडे पाहिले, त्यांच्यात दोष आढळला, आणि मंडळी पदर खोचून कामाला लागली. माणसाने मनावर घेतले तर काय होत नाही? आज राखाडी कलता खरोखरच कलतो. इतका, की दाणे टिपताना तो स्वतःभोवती फिरतो. अंड्यातून पिल्लू निघण्याचे प्रमाण शेकडा सत्तरवरून शेकडा नऊवर आले आहे. वार्षिक अहवालात याची नोंद 'दुर्मिळतेत समाधानकारक वाढ' अशी आहे. कोंबडीचे मानक मात्र अद्याप विचाराधीन आहे, कारण मूळ स्त्री उपलब्ध नाही. तोवर कोंबड्यांनी अंडी द्यावीत आणि प्रदर्शनाच्या दिवशी दिसू नये, असा ठराव आहे.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा धाकटा जावई फोटोंना फ्रेम करून देतो. ही गोष्ट त्या फ्रेमवाल्याची.

फ्रेमवाल्याचे तसे बरे चालले होते. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे अंगण, बायको स्पष्टवक्ती पण प्रेमळ. त्याला आयुष्याकडून फक्त एक शब्द हवा होता. सासऱ्यांचे थोरले जावई विम्याचे एजंट. त्यांच्या कोंबड्याने तीनदा पदक मारले होते, आणि सासरे त्यांना 'जावईबापू' म्हणत. धाकट्याला ते 'फ्रेमवाले' म्हणत. लग्नाला नऊ वर्षे झाली, तरी फ्रेमवाले. "फ्रेमवाले, चहात साखर?" "फ्रेमवाले, जरा सरका." एकदा बायकोने न राहवून बापाला विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पदक मिळू दे. मग बघू." फ्रेमवाला पलीकडच्या खोलीत होता. त्याला ते फार लागले. त्या दिवसापासून त्याने कोंबडा पाळायला घेतला.

यंदा आशेला जागा होती, कारण त्याच्याकडे मुनी होता. मुनी रंगाने राखाडी, डावीकडे इतका कललेला की त्याच्याशी बोलणारा माणूसही हळूहळू कलत जाई. डावा डोळा जन्मापासून अर्धवट मिटलेला. उरलेला अर्धा तो आळसाने मिटत असे. आवाज नव्हता. हालचालही बेताचीच. रोज सकाळी फ्रेमवाला त्याच्या चोचीखाली बोट धरून श्वास लागतो का बघायचा, आणि लागला की समाधानाने दुकान उघडायचा.

घरात आणखी एक कोंबडा होता, पण त्याची ओळख करून देण्याची पद्धत नव्हती. तो भोंगा. विटेसारखा तांबडा, मानेवर सोनेरी झाक, छाती पुढे, दोन्ही डोळे टक्क उघडे. भल्या पहाटे तो अख्खी गल्ली उठवायचा. शेजारच्या भाजीवालीकडून बायकोने तो पिल्लू असताना आणला होता आणि तिचा त्याच्यावर फार जीव. सासरे यायचे म्हटले की फ्रेमवाला भोंग्यावर डालगे पालथे घालायचा आणि वर कपड्यांची बादली ठेवायचा. तरी एकदा बादली आरवलीच. तेव्हा सासऱ्यांनी खडसावले होते, "सदस्याच्या आवारात अशुद्ध पक्षी चालत नाही. प्रदर्शनापर्यंत मुदत देतो. नंतर हा दिसता कामा नये."

"हा जाणार असेल तर मीही जाते," बायको म्हणाली.

"तुला मानक लागू नाही," सासरे म्हणाले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी सासरे रिक्षातून उतरले. मांडीवर मूळ पुरुषाची पेटी. यंदा प्रथमच ती प्रदर्शनाच्या दारात मांडायची ठरली होती. फळीवरून उतरवताना तिची काच तडकली होती.

"काच बदला, फ्रेमवाले. संध्याकाळी न्यायला येतो. आणि मूळ पुरुषाला हात लावू नका."

"हात न लावता काच कशी बदलू, बाबा?"

सासऱ्यांनी विचार केला. "आदराने लावा," ते म्हणाले.

फ्रेमवाल्याने मूळ पुरुषाला टॉवेलात धरून आदराने बाहेर काढले. ठेवायचे कुठे? दुकानात मांजर होते, अंगणात भोंगा. राहिली मोरी. मोरीच्या कट्ट्यावर मुनी आधीच आंघोळीची वाट बघत बसला होता, कारण प्रदर्शनाआधी पक्ष्याला कोमट पाण्याने न्हाऊ घालावे लागते. त्याच्या शेजारी फ्रेमवाल्याने मूळ पुरुषाला ठेवले. "मुनीला आंघोळ घाल गं, बाळाच्या साबणाने," असे स्वयंपाकघरात ओरडून सांगितले आणि तो काच कापायला पुढे गेला. कट्ट्यावर दोघे आहेत हे सांगायचे तेवढे राहिले.

बायको पाणी घेऊन आली तेव्हा तिला दोन राखाडी कोंबडे दिसले. दोघेही स्तब्ध. दोघांचाही डावा डोळा मिटलेला. नवऱ्याने जोडीला आणखी एक आणला असेल असे तिला वाटले. तिने दोघांत जो जास्त मळका होता तो उचलला. (मंडळाच्या परीक्षकांनाही याहून शास्त्रशुद्ध निवड जमली नसती.) हाताला तो अगदीच हलका लागला, तेव्हा तिचा जीव कळवळला. पदकाच्या नादापायी मेल्याने उपाशी ठेवलं वाटतं! पहिले पाणी काळे आले. दुसरे तपकिरी. तिसऱ्याला तिने साबण जरा सढळ हाताने लावला. पक्ष्याने एकदाही पंख मारले नाहीत की चोच मारली नाही, आणि खानदानी म्हणतात ते काय, हे तिला प्रथमच पटले. मग तिने त्याला अंगणात दगडावर ठेवले आणि केस वाळवायच्या यंत्राने फुलवून काढले.

फ्रेमवाला काच बसवून मागे आला. दगडावर विटेसारखा तांबडा कोंबडा उभा होता. मानेवर सोनेरी झाक, छाती पुढे.

"भोंग्याला कशाला धुतलंस?"

तेवढ्यात डालग्याखालून भोंगा आरवला.

फ्रेमवाल्याने मोरीत डोकावले. मुनी होता तिथेच, कोरडा ठणठणीत, झोपलेला. फ्रेमवाला अंगणात परतला. तो दगडासमोर मटकन बसला आणि मूळ पुरुषाने त्याच्याकडे दोन्ही डोळ्यांनी पाहिले. डावा डोळा मिटलेला नव्हताच. त्यावर स्टोव्हची काजळी साचून कवच धरले होते. अंगही कललेले नव्हते. कलली होती ती पेटी. शेपटी मात्र खरोखर कसरीने खाल्लेली निघाली, आणि मंडळाचा तेवढा एक मुद्दा शाबूत राहिला.

"अहो, आता रडता काय? स्वच्छच झालाय ना?"

"तुझे बाबा येतील," तो म्हणाला. नऊ वर्षांचा शब्द तिसऱ्या पाण्याबरोबर मोरीतून वाहून गेला होता.

सासरे आले. अंगणात आले. बायकोने वैतागून डालगे उचलले होते आणि भोंगा दगडाशेजारी जाऊन मान वर करून उभा राहिला होता. दोन कोंबडे शेजारी शेजारी. एक जिवंत, एक पेंढ्याचा. बाकी शेपटी सोडली तर फरक शून्य.

 सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. सवयीने.

"तांबूस," ते म्हणाले. "मीच खोडलं होतं."

"बाबा, म्हणजे आपला भोंगाच खरा अस्सल की!" लेक म्हणाली.

अध्यक्षांनी त्या अंगणातच तातडीची बैठक भरवली. उपस्थित: अध्यक्ष, एक सदस्य, एक निमंत्रित (मतदानाचा हक्क नाही). खालील बाबींवर साधकबाधक चर्चा झाली. एक, उद्याच्या प्रदर्शनात सर्व पक्षी राखाडी असून मूळ पुरुष एकटाच तांबडा आहे; सबब बहुमत मूळ पुरुषाच्या विरोधात जाते. दोन, मूळ पुरुष अपात्र ठरवल्यास त्याचे वंशजही अपात्र ठरतात. तीन, पाण्यामुळे खानदान उतरते असे जाहीर करता येईल काय? (निमंत्रित सदस्या हसल्या. कामकाजातून वगळले.) चार, भोंगा नामक पक्ष्याने परवानगीशिवाय मूळ पुरुषाचे रूप धारण केले आहे, त्याच्यावर कोणत्या नियमाखाली कारवाई करावी? नियम सापडला नाही.

शेवटी सासरे नुसते म्हातारे दिसू लागले. "चाळीस वर्षं," ते पुटपुटले. "चौदा घरांनी चाळीस वर्षं मान मोडून मेहनत केली हो. त्यांना काय सांगू? की आपण काजळीची पैदास केली?"

फ्रेमवाल्याला त्यांची दया आली. आणि त्याच क्षणी, धंद्याच्या सवयीने, त्याच्या तोंडून गेले, "बाबा, धूळ किती वर्षांची हवी?"

"म्हणजे?"

फ्रेमवाल्याने सांगितले. दुकानात असली गिऱ्हाइके आठवड्याला दोन तरी येतात. कोणी नव्या बंगल्याला शोभावा म्हणून कालपरवाचा फोटो शंभर वर्षांपूर्वीचा करून नेतो. कोणाला पणजोबा नसतात, त्यांना तो दुसऱ्याचे जरा पिवळे करून देतो. चाळलेली राख, दिव्याची काजळी, किंचित डिंक, आणि फुंकर मारायला आपले तोंड. पाच वर्षांची धूळ तासाभरात होते. चाळीसची असेल तर चहा दोनदा लागतो.

"चाळीस," सासरे म्हणाले.

बायको तावातावाने म्हणाली, "लाज नाही वाटत? मी घासघासून काढली ती!" पण चहा तिने दोनदा केला. नवऱ्याला त्या कामात इतके रंगलेले तिने कधी पाहिले नव्हते. त्याने मूळ पुरुषाचा डावा डोळा मिटला, मानेवरचे सोने विझवले, पेटीच्या एका कोपऱ्याखाली पाचर मारली. दिवे लागायच्या सुमारास खानदान परत आले. घाईत पेटीत ठेवताना फ्रेमवाल्याचा अंगठा छातीवर टेकला आणि तिथे फिकट ठिपका राहिला. सासऱ्यांच्या तो लक्षात आला नाही, कारण त्यांचे डोळे भरून आले होते.

"शाबास," ते म्हणाले. मग घसा साफ करून, अगदी हळू, "जावईबापू."

फ्रेमवाल्याला तिथेच हुंदका आला. बायकोने पदराने त्याचे तोंड पुसले, काजळी होतीच.

दुसऱ्या दिवशी मुनीला पदक मिळाले नाही. कोणालाच मिळाले नाही. परीक्षकांनी भिंगातून पाहिले असता मूळ पुरुषाच्या छातीवर अंगठ्याएवढा फिकट ठिपका आढळला आणि सादर झालेल्या एकाही पक्ष्यावर तो नव्हता. इतकी वर्षे एवढी ठळक खूण नजरेतून सुटली याबद्दल सभेने खेद व्यक्त केला. मानकाची नववी सुधारणा एकमताने मंजूर झाली. सूचक अध्यक्ष, अनुमोदक त्यांचे धाकटे जावईबापू. चौदा घरांत सध्या ठिपक्यावर जोरात काम चालू आहे.

भोंगा अजून अंगणातच आहे. त्याच्या मुदतीचा विषय पुन्हा निघाला नाही. सासरे येतात, चहा घेतात, आणि भोंगा समोरून गेला की उठून उभे राहतात. गुडघा आखडला होता, असे ते सांगतात.

हे वाचून तुम्ही हसत असाल, तर आनंद आहे. तुमच्याही बैठकीच्या खोलीत आजोबांचा किंवा पणजोबांचा एक फोटो असेल. कपाळाला आठ्या, ओठ घट्ट मिटलेले. आमच्या घराण्यात हसण्याची रीत नाही, शिस्त म्हणजे शिस्त, असे त्याकडे बोट दाखवून तुम्ही पोराबाळांना सांगत असाल. सांगत राहा. फक्त काचेच्या आतून ओले फडके फिरवू नका. चुकून फिरवलेच आणि म्हातारा तोंडभर हसताना निघाला, तर घाबरून जाऊ नका. फ्रेमवाल्याचे दुकान रविवारीही उघडे असते. तुमचे थोरले काका गेल्याच महिन्यात येऊन गेले. आठ्या त्यांनीच सांगून पाडून घेतल्या.