आगवाला दाऊदभाय

दाऊदभाय कुणाच्याही अंगणात शिरायचा आणि काठीनं मडकं वाजवायचा. रामराम नाही, सलाम नाही. आमच्या वाडीत प्रत्येक घराच्या अंगणात दोन मडकी भरून ठेवलेली असत. पिण्याची नव्हेत, आगीची. त्यांवर हा टोला हाणायचा आणि मान वाकडी करून ऐकायचा. मडकं भरलेलं असलं की 'भद' बोलायचं, मग हा निमूट पुढच्या घरी. 'टण' बोललं की दुसरा टोला जोरात, आणि अंगणभर खापऱ्या.

आतून बाई ओरडत यायची, "मेल्या, बाजारातनं परवाच आणलं होतं रे!"

"रिकामंच ठेवायचं तर मडकं कशाला पाह्यजे? तुझ्या नवऱ्याचं डोकं हाय की!"

वाडीत त्याच्यावर मनापासून खूश असलेला एकच माणूस होता, कुंभार. तो दर ईदेला त्याच्याकडे फणस पाठवायचा.

हे सगळं हसण्यासारखं आहे आणि आम्ही हसलोही पुष्कळ. पण माझी बायको गोदा आगीत गेली. ती वाचली असती का, हे सांगू शकणारा माणूस या किनाऱ्यावर एकच होता, आणि तो म्हणजे हा मडकीफोड्या. म्हणून त्याच्याबद्दल सांगतो.

आमची वाडी बंदराच्या गावाला चिकटलेली, पण गावाबाहेर. मध्ये एक ओहोळ, त्यावर साकव, म्हणजे लहानसा पूल. आमची भंडाऱ्यांची घरं आणि मुसलमानांची घरं एकाच पाखाडीला, एकाच दगडी वाटेला. नारळी-पोफळी, कुडाच्या भिंती, वर भाताचा पेंढा. फाल्गुन लागला की एकेक घर म्हणजे चुलीत घालायला काढून ठेवलेलं सरपण.

दाऊद तरणा होता तेव्हा आगबोटीवर आगवाला होता. बोटीच्या पोटात उभं राहून फावड्यानं कोळसा आगीत लोटायचा. परत आला तो भुवयांशिवाय. त्या कधी उगवल्याच नाहीत. त्यामुळे तो रागावलाय की नवल करतोय हे कळायचं नाही. आगीला तो 'ती' म्हणायचा, गावातल्या एखाद्या भांडखोर बाईबद्दल बोलावं तसं. "मी तिला बारा वरसं चारलीय. तिची भूक तुमाला न्हाय ठावी, मला हाय." बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. घरात तो, एक बकरी आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या अकरा आकड्या. आकडी म्हणजे लांब बांबूला लोखंडी हुक, पेटलेलं छप्पर ओढून खाली पाडायला.

गोदा त्याला भावजी म्हणायची. एकदा पाणी भरायचा कंटाळा आला म्हणून तिनं मडक्यात भाताचा कोंडा दाबून भरला. दाऊदनं टोला मारला, 'भद' झालं, तो गेला. पाखाडीपर्यंत गेला आणि परत आला. "भाबी, पानी ओलं बोलतं. ह्ये सुकं बोललं." गोदा खांबाला धरून इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवशी त्यानं तिला रांगेची मुख्य केली. म्हणाला, मला फसवायचं डोकं हिचंच, तर हिलाच पुढं घालतो.

रांग म्हणजे काय ते सांगतो. महिन्यातून एकदा, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दाऊद स्वतःच्या अंगणात पेंढ्याचा ढीग पेटवायचा, स्वतःची बिडी पेटवायचा आणि घासलेटचा डबा बडवायचा. माझा रहाट वाडीच्या मधोमध, त्याच्या दोणीत पाणी सदा भरलेलं. तिथून बायका घागरी हातोहात पुढं द्यायच्या. पुरुषांनी आकड्या घ्यायच्या. पोरांनी ओली गोणपाटं शेजारच्या छपरावर टाकायची. बिडी संपायच्या आत ढीग विझला पाहिजे. बिडी आधी संपली तर तो कमरेवर हात ठेवायचा.

"मेलात. सगळे मेलात. जावा घरी, रडा आता."

म्हातारा सखाराम म्हणायचा, "मेलो तर रडू कसे, दाऊदभाय?"

"तुझी सवय मला ठावं हाय. तू मेलास तरी कुरकुरशील."

माझ्या मुलीच्या लग्नात होम पेटला तेव्हा हा भरलेली घागर घेऊन मांडवाच्या खांबाशी येऊन उभा. भटजी अडखळले. दाऊद म्हणाला, "तुमचं चालू द्या भटजीबुवा. तुमी तिला तूप घालताय, मी नुसता उभा हाय." पोरीनं त्याच्याच पाया पडायला पहिलं वाकावं आणि त्यानं घागर सांभाळत मागं सरावं, ते बघून व्याही घाबरलेच.

चैत्रात शेतं भाजायचे दिवस आले की त्याचा तोरा विचारू नका. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळतात, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. दाऊद पहाटे बांधावर बसून बोट ओलं करून वर धरायचा. तो 'लाव' म्हणाला की राब लागायचा आणि दर्यावरचा वारा उठायच्या आत विझायचा. एका साली तरीही सखारामच्या घराला लागली. रांग उभी राहिली, छपराचा एक कोपरा गेला, बस्स. सखाराम आठवडाभर कुरकुरत होता की दाऊदनं आकडीनं नको तेवढा पेंढा ओढला. आभार कुणीच मानले नाहीत. मीही नाही.

मग गावात बंब आला.

मिठाचा कायदा मोडला त्यानंतर दोन-तीन सालांची गोष्ट. मुन्शिपाल्टीनं मुंबईहून जुना हातबंब घेतला. पडावातून मांडव्याला उतरवला, तिथून गाडीला बांधून आणला. लाल रंग, पितळी घंटा, चार माणसांनी ओढायचा, चौघांनी दांडा मारायचा. ओहोळाच्या पलीकडे, साकवापासून हाकेच्या अंतरावर बंबखाना बांधला. हार, नारळ, पेढे. मेंबरांनी भाषण केलं की आता वाडीनं निश्चिंत झोपावं. आम्ही टाळ्या वाजवल्या. चार माणसं पगारी ठेवलेली, आग विझवायला! आम्हांला वाटलं, आपणच सरकार झालो.

दाऊद पेढा खाऊन बंबाजवळ गेला आणि काठी आडवी धरून त्याची रुंदी मोजू लागला. मग साकवावर जाऊन तो मोजला. परत येऊन भरसभेत म्हणाला, "मेंबरसाब, तुमची नवरी दारातनं आत याची न्हाय. साकव चार बोटं अरुंद हाय."

मेंबर म्हणाले, "येईल, येईल. आग लागली की सगळं येतं."

लोक हसले. मीच ओरडलो, "दाऊदभाय, तुझी नोकरी गेली म्हणून जळतोस होय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. भुवया नसल्यामुळे कसं पाहिलं ते सांगता येत नाही.

त्यानंतर वर्षभरात काय झालं ते सांगायला लाज वाटते. मडक्यांत कुणी अळू लावलं, कुणी कैऱ्या खारवल्या. आकड्या आंबे काढायला गेल्या. त्यातली एक मी पडवळाच्या मांडवाला वापरली. गोणपाटं गोठ्यात अंथरली. दाऊदनं डबा बडवला की लोक आपल्या ओट्यावरूनच म्हणायचे, "बंब हाय, दाऊदभाय, घसा कशाला फाडतो?" पहिल्या महिन्यात सात जण आले, मग तीन. शेवटी एकटी गोदा घागर घेऊन जायची. मी तिला म्हटलं, "लोक हसतात. चार पगारी माणसं असताना तू कोण लागून गेलीस?" ती म्हणाली, "भावजींना बरं वाटतं." मी म्हटलं, "मला वाटत नाही." मग तीही थांबली. दाऊद तरी ढीग पेटवायचा आणि एकटाच विझवायचा. बिडी कधीच संपून गेलेली असायची.

पुढच्या चैत्रात राब लावायला त्याला कुणी विचारलं नाही. बंब आहे म्हटल्यावर वारा कोण बघतो? भर दुपारी राब जळत होते. कुणाच्या राबातली ठिणगी ते मी कधी विचारलं नाही, विचारून काय करणार. मी रहाटाचा रेडा नुकताच सोडला होता. गोठ्याच्या छपरावर एक सुपाएवढा धूर दिसला. दोण काठोकाठ भरलेली. दोणीपासून गोठा वीस पावलं.

गोदा घरातून धावत आली. "घागर घ्या!"

मी म्हटलं, "थांब, मी बंब आणतो."

आणि भरलेल्या दोणीवरून पुढं पळालो. दुसरा कुठला माणूस असं करील? आमच्या वाडीतल्या प्रत्येकानं तेच केलं असतं.

बंबखान्याला कुलूप. चावी कारकुनाच्या घरी, कारकून जेवायला बसलेला. चौघांतले दोघे सापडले, तिसऱ्याला हॉटेलातून आणला. बंब निघाला तेव्हा घंटा अशी वाजू लागली की अर्धं गाव मागं लागलं. साकवाशी पोचलो. पुढची चाकं साकवाच्या दोन कठड्यांमध्ये घट्ट बसली, पुढंही नाही, मागंही नाही. माणसं सल्ले द्यायला लागली. कुणी म्हणे ढकला, कुणी म्हणे कठडा तोडा. मी पलीकडे पाहिलं. सगळी वाडी ओहोळाच्या काठावर येऊन उभी होती, आगीकडे पाठ करून, बंब कधी येतो ते बघत. हात मोकळे. त्यांच्या मागं माझा धूर माडांच्या वर गेलेला.

घंटा वाजवणारा अजून वाजवतच होता.

मी चिखलातून पलीकडे गेलो. वाटेत दाऊदचा डबा पडलेला, बडवून बडवून फुटलेला. त्यानं एकट्यानं माझ्या घराच्या छपराची गोठ्याकडली बाजू ओढून पाडली होती, म्हणून घर राहिलं, वाडी राहिली. पण तो त्या बाजूला असताना गोदा गाय सोडवायला आत शिरली. गाय बाहेर आली. मग वरचं सगळं खाली आलं. दाऊदनं जळता वासा हातांनी उचलून तिला बाहेर काढलं.

तीन दिवस ती केळीच्या पानावर होती. वैद्य यायचे आणि माझ्याशी बोलायचं टाळायचे. ती दोनदा बोलली. एकदा गाईचं विचारलं. एकदा म्हणाली, "भावजींच्या हातांना कुणी तेल लावलं का?" तिसऱ्या दिवशी गेली.

पुढं मुन्शिपाल्टीनं साकव रुंद केला. आता बंब वाडीत येतो. दोन घरं त्यानं वाचवली, हे मी डोळ्यांनी पाहिलं, खोटं कशाला बोलू. चावी आता खिळ्याला टांगलेली असते. पण बंब यायच्या आधीचा जो वेळ असतो, त्यात आमच्या वाडीतले लोक रस्त्याकडे बघत उभे असतात. तो वेळ कुणी भरून काढला नाही.

गोदा गेल्यावर नवव्या दिवशी मेंबर भेटीला आले. मी मागीलदारी होतो. पुढल्या अंगणात दाऊदनं त्यांना गाठलं. त्याचा आवाज कुडातून सरळ आत आला.

"धा घागरी! मेंबरसाब, पयल्या दमाला धा घागरी पडल्या असत्या तर ती बाई आज भाकऱ्या थापीत असती! धूर सुपाएवडा व्हता, मी बघितला!"

मेंबर म्हणाले, "हळू बोला. तो आत आहे."



म्हणजे मला उत्तर मिळालेलं होतं. तरी माणसाचं मन कसं असतं बघा. तेरावं झालं, पाहुणे गेले, मुलगी सासरी गेली. दुपारी दाऊद ओट्यावर येऊन बसला. रोजच येत होता, बसत होता, जात होता. दोन्ही हातांना चुन्याची निवळी आणि खोबरेल लावून फडकी बांधलेली. मी समोर बसलो आणि विचारलं, "दाऊद, खरं सांग. मी घागर घेतली असती तर ती वाचली असती का?"

या माणसानं आगीबद्दल कुणाची कधी भीड ठेवली नव्हती. मेंबराची नाही, भटजींची नाही. मला वाटलं, आता बोलेल. बोलू दे एकदा. मी पाय आवळून बसलो.

"न्हाय," तो म्हणाला.

"दहा घागरी पडल्या असत्या तर?"

"धा काय, शंबर. दर्याचा वारा व्हता. पेंडा सुका. रांग असती तरी काय व्हनार नव्हतं." मग तो माडांकडे बघत म्हणाला, "तू बंबाकडं गेलास त्ये बराबर केलंस. मी असतो तर मी बी बंबाकडंच गेलो असतो."

एवढं बोलून त्यानं माझ्या तोंडाकडे चोरून पाहिलं, पटलं की नाही ते बघायला. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललेल्या पोरासारखं.

मी म्हटलं, "मग बरं."

त्यानं मोठा श्वास सोडला. त्याचे डोळे गळू लागले. हात बांधलेले, पुसता येईनात. खांदा वर करून पुसायला बघत होता, तेही जमेना. मी उठलो आणि पंच्याचं टोक त्याच्या डोळ्यांना लावलं.

"धूर गेला असेल," मी म्हटलं.

गोदा गेल्यापासून घरात चूल पेटली नव्हती. मुलगी होती तोवर शेजारच्यांकडून जेवण येत होतं, आज तेही नव्हतं.

"व्हय," दाऊद म्हणाला. "धूरच हाय."