जावयाने एकट्याने यावे

लालीबाई माहेरी निघून गेली ती नवऱ्याने हात उचलला म्हणून नाही, सासूने छळलं म्हणून नाही, की घरात दारू शिरली म्हणूनही नाही. तिने अंबाडीची भाजी वाढली आणि विचारलं, "भाजी कशी झाली?" तिच्या नवऱ्याने, देवीलालने, घास गिळला आणि शेजारी जेवत बसलेल्या नेमसिंगकडे पाहिलं.

"मीठ जरासं कमी हाय," नेमसिंग म्हणाला.

"हाव, मीठ कमी हाय," देवीलाल म्हणाला.

लालीबाईने मिठाचा अख्खा डबा दोघांच्या मधे आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल थंड होती आणि खुंटीवरचं तिचं लुगडं गेलं होतं.

आता यात नेमसिंगचा तरी काय दोष? महाराष्ट्र झाला त्या साली देवीलालचं लग्न लागलं, तेव्हा नेमसिंग त्याचा लेरिया होता. बंजाऱ्यांच्या लग्नात नवऱ्या मुलाबरोबर एक सोबती जातो, तो लेरिया. नवरीच्या तांड्यातल्या बाया आणि पोरी नवऱ्याला घेरून चिडवतात, कोडी घालतात, भलतेसलते प्रश्न विचारतात. नवरा लाजून मान खाली घालतो आणि लेरिया त्याच्या वतीने उत्तरं देतो. लग्न आटोपलं की लेरियाचं काम संपलं. पण हे या दोघांना कोणी सांगितलंच नाही. लग्नाला चार वर्षं झाली तरी नेमसिंग उत्तरं देत होता आणि देवीलालची मान खालीच होती.

वावरात कपाशी पेरायची की ज्वारी, हे नेमसिंग ठरवी. बैल विकायचा की ठेवायचा, ते नेमसिंग ठरवी. ग्रामपंचायतीच्या मतदानाला देवीलाल चिठ्ठी हातात घेऊन तसाच बाहेर आला होता, नेमसिंगला विचारायला. बरं, नेमसिंगला याचा कंटाळा यावा, तर तेही नाही. देवीलालच्या बैलाला खुरकत झाली त्या आठवड्यात नेमसिंगची स्वतःची सोयरीक पाहायला जायचं होतं. ती राहिली ती राहिलीच. लालीबाईवर देवीलालचा जीव होता, अगदी मनापासून होता. पण तेही त्याने नेमसिंगला सांगितलं होतं, तिला नाही.

शनिवारी लालीबाईचा भाऊ लखीराम निरोप घेऊन आला. "बापूनं सांगतलं हाय. सोमवारी दिवस बुडाच्या आत जावयानं एकट्यानं यावं. काय बोलाचं ते आपल्या तोंडानं बोलावं. नाई जमलं तं मंगळवारी पंच बसतीन अन् गाठ सोडून देतीन."

"सांगजो तुह्या बापूले," नेमसिंग म्हणाला, "येतो आमी."

लखीरामने कपाळाला हात लावला आणि तो आल्या पावली परत गेला.

त्या रात्री देवीलालला झोप आली नाही. सोमवारी सकाळी, नेमसिंग उठायच्या आत, त्याने दाराला कडी घातली आणि कोणाला न सांगता मोटारीसाठी महागावचा रस्ता धरला. असं तो आयुष्यात प्रथमच करत होता. सासरचा तांडा बारा कोसांवर. ढाणकीकडे जाणारी मोटार दुपारी बाराला. ती चुकली तर दिवस बुडायच्या आत पोचणं माणसाच्या हातचं नव्हतं. तो अकरालाच मोटारीत जाऊन बसला.

युनूस कंडक्टरने पेटी उघडली. "कुठी?"

देवीलालने फाट्याचं नाव सांगितलं.

"किती?"

"दोन," देवीलाल म्हणाला. चार वर्षांची सवय. जीभ आपली आपण बोलून गेली. तो भानावर येईपर्यंत युनूसने टकटक करून दोन तिकिटं फाडली होती.

"दुसरा कुठी हाय?"

खरं म्हणजे 'चुकलं, एकच पाहिजे' एवढं बोलायचं होतं. पण असली वाक्यं आजवर नेमसिंगच बोलायचा. देवीलालच्या तोंडून निघालं, "येऊन राह्यला."

बारा वाजले. ड्रायव्हर चढला. युनूसने माणसं मोजली आणि घंटीच्या दोरीवरचा हात खाली घेतला. "एक पॅसेंजर बाकी हाय! तिकीट काढेल हाय त्याचं!"

पाच मिनिटं गेली. कोंबड्यांची टोपली मांडीवर घेतलेली एक म्हातारी म्हणाली, "कोन हाय रे थो लाटसाहेब?" मागून कोणीतरी म्हणालं, "माह्यी कोर्टात तारीख हाय!" सगळी मोटार देवीलालकडे पाहू लागली. देवीलालने मनात वाक्य जुळवलं: 'दुसरं कोणी येत नाई, गाडी सोडा.' तो उठून उभा राहिला, तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी वैतागलेल्या ड्रायव्हरने हॉर्नवर जो हात ठेवला तो काढलाच नाही.

तो हॉर्न अर्ध्या महागावने ऐकला. त्या अर्ध्यात नेमसिंग होता. दाराला कडी पाहून तो सकाळपासून देवीलालला हुडकत बाजारभर फिरत होता. आता तो धोतराचा सोगा हातात धरून, बगलेत भाकरीचं गाठोडं घेऊन, धूळ उडवत येताना दिसला.

"हाच का?" युनूसने बाहेर वाकून विचारलं.

"हाव, हाच मी!" नेमसिंग ओरडला आणि आत चढला.

युनूसने दुसरं तिकीट त्याच्या हातात दिलं. "घ्या भाऊ. तुमच्यापायी गाडी रोकून ठेवली तुमच्या दोस्तानं."

नेमसिंगने तिकिटाकडे पाहिलं, मग देवीलालकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. "घरून मले सोडून निघाला तं माह्यं काळीज फाटलं होतं, भिया. पण तू माह्यं तिकीट काढून ठेवलं! गाडी रोकली माह्यासाठी!"

यावर कोणता माणूस 'तू उतर' म्हणू शकेल? देवीलाल खिडकीबाहेर पाहू लागला. बऱ्याच वेळाने त्याने कसाबसा विषय काढला. "नेमसिंग, एकट्यानं बोलावलं हाय ना पण."

"एकट्यानं म्हंजे वरात आनू नोको," नेमसिंगने समजावलं. "मी कायची वरात? आपुन दोघं म्हंजे एकटेच."

फाट्यावरून तांडा पाऊण कोस. वाटेत देवीलाल तीनदा थांबला आणि तीनदा 'काई नाई' म्हणून पुढे चालला. नेमसिंग त्याला भाषण शिकवत होता. घर सुनं पडलं म्हणायचं, गाय दूध देईना म्हणायचं. भाषण तोच करणार होता, पण देवीलालला माहीत असलेलं बरं.

तांड्याच्या तोंडाशीच धावजी, लालीबाईचा बाप, बाजेवर बसला होता. बाजूला तांड्यातली दोन वडीलधारी माणसं होती. धावजीने येणारे पाय मोजले. दोन नाही, चार. त्याच्या कपाळाच्या आठ्या लांबून दिसल्या. घराच्या दारात लालीबाई उभी होती. तीही मोजून आत गेली.

"राम राम, बापू!" नेमसिंगने सुरुवात केली. "आमचा देवीलाल..."

"जावई मुका हाय का?" धावजी म्हणाला.

"मुका नाई, बापू. लाजरा हाय."

"चार सालं झाली लग्नाले!"

दोघांतला एक म्हातारा सूर्याकडे पाहून दुसऱ्याच्या कानाशी लागला. उद्या हेच दोघे पंच म्हणून या बाजेवर बसून देवीलालचा संसार मोडणार होते. मग लालीबाई पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आली. डोळे सुजलेले होते. तिने देवीलालकडे बघत विचारलं, "पानी पाहिजे का?"

"दे, दे," नेमसिंग म्हणाला. "सक्काळपासून त्याच्या पोटात थेंब नाई."

देवीलालचा घसा खरोखर कोरडा पडला होता. पाण्याकडे पाहून त्याचा जीव कासावीस होत होता. तो म्हणाला, "मले तहान नाई लागली."

नेमसिंग हसला. "लागली हाय."

"नाई लागली."

"अबे, व्हट सुकले तुहे! लागली हाय त्याले तहान, बापू, मले मालूम हाय."

"तहान कोनाले लागली, मले का तुले?" देवीलाल ओरडला. त्याचा आवाज एवढा मोठा आहे हे तांड्याला ठाऊक नव्हतं आणि त्यालाही नव्हतं. "नेमसिंग, तू गप राय!"

नेमसिंगचं तोंड उघडंच राहिलं. आता गप्प बसणं शक्यच नव्हतं, म्हणून देवीलाल लालीबाईकडे वळून बोलत सुटला. "तू गेली तवापासून हा दोन्ही टाइम मले रांधून घालते अन् माह्यासमोर बसून जेवते. चांगलं रांधते. पण मले त्याच्यासंग नाई जेवाचं. मले तुह्यासंग जेवाचं हाय. दोघांनीच. भाजी चांगली झालती. मीठ बरोबर होतं. मी खोटं बोललो."

लालीबाईने पदर तोंडाला लावला. हसते की रडते ते कळेना. धावजीच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"मंग मी काय करू?" नेमसिंगने विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

"तुह्यं काम कर."

"माह्यं कोन्तं काम?"

तो खरंच विचारत होता. देवीलालला भडभडून आलं. चार वर्षं आपण याला आपल्या दारात बांधून ठेवलं, हे त्याला तेव्हा कळलं. "तुह्या वावरात कमरीएवढं गवत हाय, भिया. अन् तू माह्यं वावर निंदत बसतं. सोयरीक पाहाले जाय. जाय ना, नेमसिंग."

नेमसिंगने भाकरीचं गाठोडं बाजेवर ठेवलं, दोन पावलं चालला, परत आला, ते उचललं आणि फाट्याकडे निघाला. तो वळणाआड जाईपर्यंत देवीलाल बघत होता. मग त्याने लोटा घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"तहान नोती ना?" लालीबाई म्हणाली आणि दुसरा लोटा आणायला गेली.

चारची परतीची मोटार धरायला देवीलाल आणि माहेरून दिलेलं गाठोडं डोक्यावर घेतलेली लालीबाई फाट्यावर आले, तर नेमसिंग तिथेच उभा. तिघंही तीन दिशांना बघत राहिले. मोटार आली. नेमसिंग आधी चढला, खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि हात हलवून म्हणाला, "या लवकर! दोन सीटा धरल्या तुमच्यासाठी!"

देवीलालने मान ताठ केली. "तू जाय. आमी पायी येतो."

नेमसिंगचा हात हवेतच राहिला. मग तो हळूच म्हणाला, "बरं. उद्या मी वावरात हावो. माह्या." मोटार सुटली आणि धुळीत दिसेनाशी झाली.

लालीबाई रस्त्याकडे बघत होती. "पायी? बारा कोस?"

"हाव."

"घरी पोचाले उजाडन. हे कोनं ठरवलं?"

"मी," देवीलाल म्हणाला. एवढा आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

"ठरवलं तं ठरवलं," लालीबाई म्हणाली. "आता हे गाठोडं कोनं धराचं, ते मी ठरवलं." आणि तिने माहेरचं ते जड गाठोडं त्याच्या डोक्यावर ठेवून दिलं.